उंबऱ्यावरचा सूर

यावर तुम्ही कुणी विश्वास ठेवणार नाही. ठेवू नका. माझ्या बोलण्यावर आमच्या घरातलं मांजरसुद्धा विश्वास ठेवत नाही. दूध ठेवलंय म्हटलं तर आधी लांबून वाटी हुंगतं. पण या गोष्टीला साक्षीदार आहे आणि तो चांगला हयात आहे. फक्त परवा मी ती सांगायला घेतली तेव्हा साक्षीदार काशीदच्या खुर्चीत मान मागं टाकून बसला होता, तोंडभर साबणाचा फेस होता आणि गळ्यावर वस्तरा. साक्षीदार असावा तर असा.

काशीदचं सलून तासगावात जुन्या स्टँडच्या मागं आहे. दुकानाला दोनच पायऱ्या. साक्षीदार त्या चढून आला की चौकटीला धरून जरा वेळ उभा राहतो. लोक विचारतात, काय झालं? मी सांगतो, काही नाही, बाजार बघतोय. तर हा साक्षीदार म्हणजे दस्तगीर मुजावर. तालुका त्याला दस्तगीरमास्तर म्हणतो. गुलमोहर ब्रास बँडात तो क्लॅरिनेट वाजवायचा आणि त्याच्या मागं उभा राहून मी, बाजी खराडे, मोठा ढोल बडवायचो. त्याची पाठ मी जेवढी बघितली आहे तेवढी त्याच्या बायकोनं बघितली नसेल.

विषय निघाला माळी सरांमुळं. हायस्कुलात गणित शिकवून रिटायर झालेले हे सर, बाकावर पेपर घेऊन आपल्या नंबरची वाट बघत बसले होते. बाहेरून एक नवा टेम्पो गेला. सर म्हणाले, बघा, धुराचा ठिपका नाही, हवा सुधारली म्हणायची.

मी म्हटलं, "सर, धूर दिसत नाही तेव्हाच जास्त जपायचं असतं. हे मला एका नवरीनं शिकवलंय. येळवाडीच्या चव्हाणांची सून, उर्मिला."

सरांनी पेपर खाली घेतला. "ती पुण्याची शास्त्रज्ञ? उंबऱ्यावर जिला उखाणा आला नाही म्हणतात ती?"

"लोक काय, वाटेल ते म्हणतात. मी काय म्हणतो ते ऐका."

पांढऱ्या कापडाखाली दस्तगीरचा पाय हलला. काशीद म्हणाला, मास्तर, हलू नका, धार नवी आहे.

आता आधी आमच्या बँडची रीत सांगायला पाहिजे. दुसऱ्या बँडांचं मला माहीत नाही, पण गुलमोहरची वरात नवऱ्याच्या दारात पोचली की वाजवणं संपायचं नाही. नवरी उंबऱ्यापाशी उभी राहते, पुढं तांदळानं भरलेलं माप, आणि नणंद दार अडवून म्हणते नाव घे. तिथं बाकी सगळा बँड गप्प व्हायचा आणि दस्तगीर एकच सूर धरायचा. नवरीचा उखाणा सुरू झाल्यापासून तिनं माप ओलांडून पाय आत टाकेपर्यंत एकच सूर, एकाच दमात. मध्ये तुटला तर अपशकुन. हे कुणी ठरवलं ते ठाऊक नाही, पण लोकांच्या डोक्यात ते पक्कं बसलं होतं, आणि लोकांच्या डोक्यात बसलेलं काढायला काशीदचा वस्तरा पुरत नाही.

दस्तगीरला या रिवाजाचं कधी ओझं वाटलं नाही. त्याचा दम म्हणजे काय दम होता. एकदा पेड गावात त्यानं असा सूर धरला, तेवढ्यात नवऱ्याचा मामा रुसला. त्याला समजावून आणला. तो पुन्हा रुसला. मग दोन कारभारी गेले, मामाला चहा पाजला, बशी विसळून जागेवर ठेवली, तरी सूर चालूच.

"मिनिटं किती?" माळी सरांनी विचारलं.

"घड्याळ लावून वरात कोण बघतं, सर?"

कापडाखालचा पाय पुन्हा हलला. मी तिकडं बघितलं नाही.

पुढं पुढं नवऱ्या मुलीच वस्ताद झाल्या. मास्तरचा दम संपवायचा म्हणून उखाणे लांबवायला लागल्या. सासरा आला, सासू आली, दीर आले, गोठ्यातली म्हैस आली, मग म्हशीचं रेडकू आलं, आणि सगळ्यात शेवटी नवऱ्याचं नाव. दस्तगीर डोळे मिचकावत सूर धरून उभा. गावंच्या गावं हे बघायला जमायची. हार नेहमी नवरीची व्हायची आणि नवरीला ती आवडायची, कारण सूर जेवढा लांब तेवढा संसार लांब असं तिची आई तिला रात्रंदिवस सांगत आलेली असायची.

आमचे मालक रामलिंग कोरे. कोरेशेठना दोन गोष्टींचं वेड होतं, एक बँड आणि दुसरं बँडचे कपडे. आमचा गणवेश पांढराशुभ्र, खांद्यावर सोनेरी गोंडे. आणि वरातीच्या दिव्यांसाठी, मास्तरच्या माइकसाठी हातगाडीवर डिझेलचा जनरेटर. तो असा काळा धूर ओकायचा की नवरदेवाच्या घोड्यालाही ठसका लागावा. पांढऱ्या कपड्यांवर काजळी बसायची आणि ते धुवायचे कोरेवहिनींनी. एका दिवाळीत वहिनींनी सगळे कपडे अंगणात ढिगानं टाकले आणि शेठना सांगितलं की आता एक तर हा जनरेटर घरात राहील नाहीतर मी. शेठनी बराच विचार केला म्हणतात. शेवटी तोडगा म्हणून जनरेटर वरातीच्या पार शेपटाला ठेवायला लागले. लांबच लांब वायर. बँड मारुतीच्या देवळापाशी असला तर जनरेटर अजून ओढ्यापलीकडं. वायरीत पाय अडकून पडलेल्या पाहुण्यांची वेगळी पंगत बसवावी लागायची.

मग एक टायवाला विक्रेता स्कूटरवरून आला. पिशवीत बाटल्या, बाटल्यांवर नाव 'निर्धूर'. डिझेलच्या कॅनमध्ये टोपणभर टाकायचं, धूर गायब. आत कसल्या तरी धातूची भुकटी आहे, ती डिझेल पुरतं जाळते, असं तो म्हणाला. त्यानं टाकून दाखवलं आणि खिशातला पांढरा रुमाल सायलेन्सरच्या तोंडाला धरला. रुमाल होता तसा पांढरा. कोरेशेठ मात्र सहज फसणारे नव्हते. रुमाल याचा, त्यात काही करामत असेल. त्यांनी डोक्यावरची स्वतःची टोपी काढली, सायलेन्सरला लावली, उलटी करून बघितली, हुंगली, आणि पुन्हा डोक्यावर घातली. झालं. खरेदी पक्की.

त्या दिवसापासून आमचं साधं गणित होतं, सर. कपडे पांढरे, म्हणजे हवा चांगली. दुसरी कुठली परीक्षा घ्यायची आम्हाला गरज वाटली नाही. वायर गुंडाळून ठेवली आणि जनरेटर आणला थेट बँडात, दस्तगीरच्या पाठीशी. माझ्या आणि त्याच्या मध्ये. वहिनी खूश, शेठ खूश. त्यात ती थंडी. गारठ्यात क्लॅरिनेटचा सूर उतरतो, म्हणून दस्तगीर वाजवण्याआधी ती फुंकून फुंकून गरम करायचा. आता ते कष्टही गेले. सायलेन्सरच्या उबेला क्लॅरिनेट धरायची, मग हात धरायचे, मग आम्ही सगळेच त्याच्याभोवती शेकोटीला बसावं तसं कोंडाळं करून बसायचो. कुणी तिथंच भाकरी गरम करून खाल्ली. नाव सांगत नाही, पण ढोलवाला होता.

लग्नसराई सुरू झाली. आधी कुणाला कळलं नाही. घसा खवखवतोय, तर थंडी. खोकला येतोय, तर थंडी. मला पहिल्यांदा कळलं ते दस्तगीरच्या पाठीवरून. सूर धरला की त्याची पाठ भिंतीसारखी स्थिर असायची. ती आता सुराच्या मध्येच हलायला लागली. मग खांदे वर चढायला लागले. एका वरातीत नवरी अजून दिरापर्यंतच आली होती, म्हैस लांबच होती, आणि मला दिसलं की हा आता गेला. मी ढोलावर असा दणका दिला, असा दणका दिला, की सूर केव्हा तुटला आणि केव्हा पुन्हा सुरू झाला ते कुणाला कळलं नाही. शेठनी नंतर मला झापलं, उंबऱ्यावर ढोल वाजवायची रीत आहे काय म्हणून. मी सांगितलं, डास बसला होता.

असे डास त्या हिवाळ्यात माझ्या ढोलावर फार बसले.

डॉक्टरला दाखवलं. डॉक्टर म्हणाला बिडी सोडा. दस्तगीरनं जन्मात बिडी ओढली नव्हती. मग डॉक्टर म्हणाला चहा सोडा. चहा सोडला. त्यानं दम वाढला नाही, नुसती चिडचिड वाढली.

एक दिवस दुपारी, वाटेत टेम्पो थांबला होता तेव्हा, तो मला चिंचेखाली बाजूला घेऊन गेला. तिथं त्यानं जे सांगितलं ते मी तोवर त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. त्याचे वडील हीच क्लॅरिनेट वाजवायचे. एका गावात उंबऱ्यावर त्यांचा सूर तुटला. पुढं त्या घरात वाईट घडलं, कुठल्याही घरात घडतं तसं. पण गावानं त्या पोरीला जन्मभर 'तुटक्या सुराची' म्हटलं. तिला सणाला कुणी बोलवायचं नाही, ओटी भरायला कुणी पुढं येऊ द्यायचं नाही. वडिलांनी त्यानंतर क्लॅरिनेट हातात धरली नाही.

"बाजी, माझं काय जाईल?" तो म्हणाला. "मी घरी बसंन. कोंबड्या पाळीन. पण त्या पोरीनं कुठं जायचं? येळवाडीची वरात करतो आणि खुंटीला टांगतो."

मी म्हटलं, येळवाडीच्या आधीच टांग. तो म्हणाला, शेठनी सुपारी घेतलीय, शब्द गेलाय. मी म्हटलं, मग मी डास मारतो. तो म्हणाला, नको, चव्हाणांचं घर खानदानी आहे, ढोल वाजला तरी चिडतील. आणि हसला, आणि हसताना त्याला खोकला आला, आणि तो थांबेपर्यंत मी चिंचेचा पाला मोजत उभा राहिलो.

तर येळवाडी. नवरदेव अभय चव्हाण, साखर कारखान्यात केमिस्ट. आणि नवरी उर्मिला. तिची कीर्ती तिच्या आधी गावात पोचली होती. पुण्यात एका प्रयोगशाळेत ही उंदरांना पेटीत घालून गाड्यांचा धूर हुंगायला लावते आणि मग त्यांची फुप्फुसं तपासते. सासूबाईंनी हे शेजारणींपासून लपवलं होतं. कॉलेजात आहे एवढंच सांगितलं होतं. पण नणंद चित्रा, तिच्या पोटात काही राहायचं नाही. तिनं गावभर केलं की वहिनी उंदरं सांभाळते. बायका विचारायच्या, येताना घेऊन येणार काय?

दुपारी तासगावात लग्न लागलं, दिवस मावळायला वरात येळवाडीच्या वेशीत आली. नवरा-नवरी जीपमधून उतरून सजवलेल्या ट्रॅक्टरवर बसायची होती, तोवर आम्ही वेशीच्या कट्ट्यापाशी जनरेटर चालू करून त्याच्याभोवती कोंडाळं केलं. थंडी मरणाची. दस्तगीरनं क्लॅरिनेट सायलेन्सरला धरली होती, तोंड तिच्यावर झुकलेलं.

आणि मी बघतोय तर शालू सावरत, कपाळाला मुंडावळ्या, नवरी थेट आमच्याकडं चालत आली. मागं करवली धावतेय, वहिनी, वहिनी, ट्रॅक्टर तिकडं आहे. नवरीनं जनरेटरपाशी येऊन वाकून वास घेतला. मग सायलेन्सरकडं बघितलं, मग आमच्या पांढऱ्याफेक कपड्यांकडं.

"काका, डिझेलमध्ये काय टाकता?" तिनं कोरेशेठना विचारलं.

शेठना कधीपासून कुणीतरी हे विचारायला हवं होतं. त्यांनी बाटली काढून दाखवली, टोपी काढून सायलेन्सरला लावली, टोपी तिच्यापुढं धरली. "काजळीचा कण दाखव, बाई."

"टोपी छान आहे," ती म्हणाली. "आता हा कण आहे तो टोपीवर थांबण्याइतका मोठा राहिलेला नाही."

मग ती आमच्यात कट्ट्यावर बसलीच. तिनं सांगितलं ते मला जमेल तसं सांगतो. काळा धूर म्हणजे वाजतगाजत येणारा पाहुणा. तो दिसतो, तुम्ही बाजूला होता. त्यातूनही आत आलाच तर बराचसा नाकात, घशात अडतो, खाकरलं की काळं पडतं. ही भुकटी डिझेल चांगलं जाळते, त्यामुळं काजळी कमी होते, खोटं नाही. पण जे उरतं ते इतकं बारीक असतं की नाक, घसा कुणी अडवत नाही. ते छातीच्या पार शेवटच्या खोलीपर्यंत जातं आणि तिथं मुक्काम करतं. आणि त्यात त्या धातूचेही कण असतात, ते जळून संपत नाहीत. तिच्या उंदरांची फुप्फुसं आतून सुजली होती. काहींची कडक झाली होती.

कोरेशेठना राग आला. "मग आम्ही काय उंदीर आहे?"

"नाही, काका. उंदरांना आम्हाला पेटीत कोंडावं लागतं. तुम्ही आपण होऊन येऊन बसलाय."

बँड हसला. शेठ हसले नाहीत. त्यांनी विचारलं, माणसाला असं होतं हे कुठं सिद्ध झालंय? ती म्हणाली, पुरतं नाही झालेलं, माणसाचं अजून कुणी नीट मोजलेलं नाही. पण कळेपर्यंत सायलेन्सरला पाठ लावून बसावं असंही कुणी सांगितलेलं नाही. तेवढ्यात दस्तगीर खोकला. तिनं मान वळवून त्याच्याकडं बघितलं, आणि मग बराच वेळ त्याच्याकडंच बघत राहिली.

"मास्तर, सूर पूर्वीएवढा जातो?"

"जातो की," दस्तगीर म्हणाला.

तिनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, डास फार झालेत.

ती उठली आणि म्हणाली, जनरेटर बंद करा. शेठ म्हणाले दिव्यांचं काय, माइकचं काय. सासूबाई ट्रॅक्टरमागून आल्या होत्या, त्यांनी कपाळाला हात लावला. नवी सून अंधारात घरी आणायची म्हणजे गाव काय म्हणेल?

"मी रोज अंधाऱ्या खोलीत उंदरांबरोबर असते, आई," ती म्हणाली. "मला सवय आहे."

शेजारणी ऐकत होत्या. सासूबाईंनी तिथल्या तिथं जनरेटर बंद करायला सांगितला, म्हणजे विषय तरी बंद होईल.

मग निघाली वरात. तशी वरात मी परत बघितली नाही. घराघरांतून लोकांनी कंदील आणले, बॅटऱ्या आणल्या, एका पाहुण्यानं सायकल उलटी करून पेडल मारून दिवा लावला आणि तसाच चालत राहिला. एवढ्यानं उजेड पुरेना, तेव्हा ओढ्याकडून काजव्यांचा थवाच्या थवा आला आणि नवरीच्या डोक्यावर छत्रीसारखा...

"माघात काजवे?" माळी सर म्हणाले.

"चुकलेले होते, सर."

काशीदनं वस्तरा पुसला आणि दस्तगीरच्या दुसऱ्या गालाला हात घातला. दस्तगीरनं कापडाखालून एक बोट वर केलं होतं. काशीदनं ते हळूच खाली दाबलं.

दारात आलो. चव्हाणांचा उंबरा, पुढं माप, आणि चित्रा दोन्ही हात चौकटीला लावून उभी. तिनं महिनाभर आधी वहिनीला पुण्याला फोन करून बजावलं होतं की येळवाडीत आजवर कुणी घेतला नाही असा उखाणा पाहिजे, आणि दोघींनी मिळून तो रचला होता. गावालाही हे ठाऊक होतं. सगळं गाव त्या अंगणात. पोरं कौलांवर. बँड गप्प झाला. दस्तगीर पुढं झाला, आणि ती क्लॅरिनेट त्यानं जशी उचलली त्यावरून मला कळलं की त्यानं आजची आज ती खुंटीला टांगायचं ठरवलंय, फक्त हा एक सूर पार पडू दे म्हणतोय. माझ्या हातात ढोलाची काठी होती आणि काठीला घाम होता.

नवरीनं त्याच्याकडं बघितलं. त्यानं सूर धरला.

आणि सर, काय सांगू. मघाशीच बोललो की तुम्ही विश्वास ठेवणार नाही. वेशीपासून दारापर्यंत चांगली हवा मिळाली त्याला, तेवढ्यात छाती पूर्वीसारखी. उर्मिलानं उखाणा सुरू केला. सासऱ्याचं नाव आलं, सासूचं आलं, चित्राचं आलं, चित्राच्या न झालेल्या नवऱ्याचं आलं. सूर चालू. कारखान्याची चिमणी आली, पुण्याची प्रयोगशाळा आली, एकेका उंदराचं नाव आलं. सूर चालू. सासूबाई उभ्या राहून दमल्या, त्यांना पाट आणून दिला. आत चुलीवर दूध उतू गेलं, कुणी उठलं नाही. कौलावरची पोरं पेंगायला लागली. चंद्र उगवला, घरावर आला, पलीकडं कलला, कारण त्याला पुढच्या गावच्या वरातीला जायचं होतं. सूर चालू. आणि पाठ, सर, ती पाठ मी बघत होतो. भिंत. नुसती भिंत. मग तिनं नवऱ्याचं नाव घेतलं, माप ओलांडलं, पाय आत टाकला, आणि तेव्हा कुठं दस्तगीरनं क्लॅरिनेट तोंडाची काढली आणि मला म्हणाला, बाजी, अजून थोडा शिल्लक होता. त्यानंतर कितीतरी वर्षं त्यानं...

काशीदनं टॉवेलानं दस्तगीरचं तोंड पुसलं. गळा पुसला. खुर्चीची मान सरळ केली. दस्तगीर आरशातून माझ्याकडं बघत होता.

"खोटं," तो म्हणाला.

काशीदचा टॉवेल हातातच राहिला. माळी सरांनी पेपराची घडी केली.

दस्तगीर सावकाश बोलतो. दोन शब्द बोलतो, थांबतो, मग पुढचे दोन. त्या दिवशीही तो तसाच बोलला.

"सूर कसला, सर. वीतभर नव्हता. लावला आणि छातीत काही नाही. ही पोरगी समोर उभी. माझ्या गळ्याकडं बघत होती. तोंड उघडलं, नुसतं 'अभय' म्हणाली, आणि माप ओलांडून आत. चित्राचे हात चौकटीलाच राहिले. सूर तुटायच्या आत ती घरात होती." तो थांबला, चौकटीला धरून थांबतो तसा खुर्चीच्या दांड्याला धरून. "शिकलेली असून उखाणा येत नाही, म्हणून गाव अजून हसतंय तिला. तिनं कधी सांगितलं नाही कुणाला. आणि तू वर्षानुवर्षं माझा सूर वाढवत बसलायस. तिला उखाणा येत होता, बाजी. दम मला नव्हता."